गाईच्या तोंडातला मणी

आमच्या माळावर सोनं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण या अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मावशी, गाई पाळण्याचा अनुभव लिहाल का?" आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, "आणि ते सोन्याचं प्रकरण नेमकं काय होतं?" मी म्हटलं, दोन्ही लिहिते. फक्त वाचून झाल्यावर कोणी टिकाव-फावडं घेऊन मोटारसायकलवर बसू नये. आमची कुत्री आता थकली आहेत, त्यांना पळवत नाही. पण मला अजून पळवतं.

पालीच्या वरच्या अंगाला बालाघाटाचा जो उघडाबोडका माळ आहे, त्यावर तीसेक वर्षांपूर्वी राहायला गेलेलं पहिलं घर आमचं. घर म्हणजे तुराट्यांचा कूड आणि वर पाचट. त्याआधी आम्ही दोघं नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जायचो. तीन हंगाम गेलो. चौथ्या हंगामाला मुकादम बोलवायला आला, तेव्हा मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याला सांगितलं, "आमी येत न्हाई औंदा."

"कावून? मंग करनार काय?"

"माळावर गाई पाळतो."

"दगडं चारनार का गाईला?" असं म्हणून मुकादम हसत हसत घाट उतरला. मला त्याचा राग आला नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. वाट्याला अकरा एकर जमीन आली होती, पण पेरायला गेलं की तिफण दगडावर नाचायची. आणि गाई म्हणजे तरी काय, माझ्या माहेराहून आलेली एकुलती एक लाल कंधारी कालवड. तिचं नाव तांबडी. तिला घेऊन आम्ही दोघं वर गेलो आणि मालक चारचौघांत सांगू लागले की आमचा गाईंचा कळप आहे. मालकांना बोलण्याची अशी हौस पहिल्यापासूनच आहे. पुढे जे झालं ते त्यातूनच झालं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

गाई पाळायला फार अक्कल लागत नाही. गवत पाळायला लागते. हे मला समजायला पाच वर्षं गेली, तुम्हाला पाच ओळींत सांगते. माळावर माती वीतभर, तिच्याखाली मुरूम. त्या वीतभर मातीत पवना, मारवेल अशी चांगली गवतं येतात, पण त्यांना वाढू दिलं तर. पावसाळाभर जनावर फिरत राहिलं की चांगलं गवत बुडख्यासकट जातं आणि मागे उरतं ते कुसळ, जे गाईच्या तोंडात नाही, आपल्या लुगड्यात जातं. म्हणून मृग लागला की कुरण बंद करायचं. दिवाळीला गवत पिकायला आलं की कापायचं, पेंढ्या बांधून गंजी रचायची, आणि त्या गंजीवर पुढचा उन्हाळा काढायचा. मधले चार-पाच महिने कुरणात एकही जनावर सोडायचं नाही. दुसऱ्याचं तर नाहीच, आपलंही नाही. आपल्या गाई ओढ्याकाठी, बांधावर चारायच्या आणि समोर गुडघ्याएवढं हिरवं गवत डुलताना बघत बसायचं. गाई माझ्याकडे बघायच्या. त्यांच्या नजरेत जे असायचं ते या अंकात छापता येणार नाही.

अकरा एकरांत कळप जगत नाही. आमच्या जमिनीला लागून गावाचं गायरान होतं, तेही असंच बोडकं. गावातले जाणते दगडूअण्णा एकदा वर आले, आम्ही राखलेलं गवत बघितलं, मुठीत धरून ओढून बघितलं आणि गावाला सांगितलं, "गायरानबी ह्यास्नीच राखू द्या. निम्मं गवत गावाचं, निम्मं ह्यांचं." कागद नाही, शिक्का नाही, अण्णांचा शब्द. आम्ही दोघांनी तिथले दगड वेचून ताली घातल्या, पाणी अडवलं, भोवती काटेरी झाप लावले. माझ्या दोन्ही हातांची बोटं आता सरळ होत नाहीत, ती त्या दगडांमुळे. एका दुष्काळात सगळ्या गावांची गुरं छावणीला गेली, आमच्या गावाची मात्र दावणीलाच राहिली, कारण गावच्या वाट्याचं गवत माळावर रचून ठेवलेलं होतं. त्या वर्षी बायका मला रस्त्यात थांबवून कुंकू लावायच्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

तांबडीची वेतं होत गेली, तिच्या कालवडींना कालवडी झाल्या आणि खरोखरच कळप झाला. मग गिऱ्हाईकं यायला लागली. त्यांच्यावर लिहायला बसले तर संपादक अंक बंद करतील. कोणाला तूप पाहिजे, पण गाय समोर दाखवा म्हणतात. दाखवली की म्हणतात, ही हसली का? कोणाला गोमूत्र पाहिजे, तेही सूर्य उगवायच्या आत धरलेलं. गाईला घड्याळ कळत नाही, असं मी त्यांना हात जोडून सांगितलं आहे.

बीडच्या एका साहेबांनी दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. वास्तुशांतीला त्यांना गाय पाहिजे होती, आणि तिच्या अंगावर एकही पांढरा केस चालणार नव्हता. तांबडी तशीच होती, नखापासून शिंगापर्यंत लाल. मी त्यांना म्हटलं, "साहेब, गाय जिना चढंल, पन उतरायची न्हाई."

"अहो, जी चढते ती उतरणारच की."

शिकलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? टेम्पोतून तिला नेली. गुळाचा खडा दाखवत मालकांनी तिला वर चढवलं. तिची पूजा झाली, ओवाळणं झालं, नव्या फरशीवर तिने जे करायचं ते केलं. मग जिन्याच्या तोंडाशी आली, खाली बघितलं आणि बसली. सकाळी दहा वाजता बसली ती दुपारी चारपर्यंत. ओढून झालं, ढकलून झालं, भटजींनी मंत्र म्हणून बघितला. शेवटी मालकांनी पायऱ्यांवर वाळूची पोती आणि कडब्याच्या पेंढ्या टाकून उतरण केली आणि तिच्यापुढे उलटं चालत, तिच्याशी बोलत बोलत तिला खाली आणली. साहेबांच्या बायकोने मला विचारलं, "एवढी हट्टी कशी हो ही?" मी म्हटलं, "हट्टी न्हाई ताई. खाली बघून पाय टाकती." तेवढीही अक्कल पुढे आमच्या गावाने दाखवली नाही.

तांबडी वीस-बावीस वर्षं जगली. चाळीस गाईंत तीस तिच्या लेकी-नाती-पणत्या होत्या. शेवटची दोन वर्षं दात गेले होते, मी तिला भिजवलेली पेंड हाताने चारायचे. दिवाळीची कापणी झाली आणि चार दिवसांनी ती गेली. सकाळी धार काढायला गेले तर मान टाकून पडलेली होती. मी गोठ्यातच बसून रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी रडले होते, पण थोडं लोकांना दिसावं म्हणूनही. या वेळी बघायला कोणी नव्हतं.

गाय आम्ही पुरतो. कुरणाच्या कोपऱ्यात हिवराच्या झाडाखाली मोठा खड्डा घेतला, तळाला मीठ टाकलं, तिला हळद-कुंकू लावलं, अंगावर नवा खण पसरला. आमच्याकडे माणूस गेलं की तोंडात सोन्याचा कण घालतात. सासूबाईंच्या तोंडात घातला होता. मी गळ्यातली पोत सोडली आणि त्यातला एक सोन्याचा मणी काढला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

मालक म्हणाले, "गाईला कुटं सोनं घालत्यात व्हय?"

"आपल्या घरात ती माज्यापेक्षा जास्त राबली," मी म्हटलं, आणि मणी तिच्या जिभेवर ठेवला. वर माती लोटली. गोष्ट इथे संपायला पाहिजे होती.

पुढचा श्रावण आला. कुरण बंद होतं, पाऊस बरा झाला होता आणि गवत मांडीला लागत होतं. एवढं चांगलं गवत कित्येक वर्षांत आलं नव्हतं. मालक खाली गावात विष्णूच्या हॉटेलात चहाला गेले. तिथे कोणाची तरी आई वारलेली, तिच्या तोंडात सोनं घातलं की नाही यावर बोलणं चाललेलं. मालकांनी बशीतला चहा ओढत सांगितलं, "तुमी माणसाचं काय सांगता? आमच्या हिनं गाईसंगं सोनं पुरलंय."

फक्त एवढंच. मणी किती, केवढा, हे सांगण्याआधी त्यांना चहा संपवायचा होता. आणि चहा संपल्यावर घरी यायचं होतं.

संध्याकाळपर्यंत गावात असं झालं की आम्ही सोनं पुरलंय. दुसऱ्या दिवशी असं झालं की ताली घालताना दगडांखाली आम्हाला हंडा सापडला. तिसऱ्या दिवशी गावाने त्यावर विचारही केला. गाय पुरलेली जागा कोणी उकरत नाही, पाप लागतं; म्हणजे यांनी गाय मुद्दाम तिथे माळावर पुरली, लोकांनी त्या माळाकडे फिरकू नये म्हणून. हंडा बाजूलाच कुठेतरी असणार. "नायतर वीस-बावीस वर्सं दगडात कावून ऱ्हायलेत ही मानसं?" असं विष्णू म्हणाला, आणि हे वाक्य मला येऊन सांगणाऱ्या बाईलाही ते पटलेलं होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. वीस-बावीस वर्षं वेचलेले दगड, अडवलेलं पाणी, वाकडे झालेले हात, सगळं एका हंड्यासाठी होतं म्हणे.

मग ते आले. चोरून नाही, चांगलं उजेडात, जेवणाचे डबे घेऊन. पहिल्या दिवशी चौघं, आठ दिवसांत तीस-चाळीस. विष्णूने हॉटेल बंद ठेवलं. दगडूअण्णांचे दोन्ही मुलगे होते. उमापूरकडचे दोघं तर कानाला लावायचं यंत्र घेऊन आले, जमिनीवरून फिरवलं की ते वाजायचं. आता ज्या माळावर वीस-बावीस वर्षं गुरं फिरली तिथे बैलांच्या खुरांच्या पत्र्या, खिळे, तुटके विळे असणारच. यंत्र पावलापावलाला वाजायचं आणि पावलापावलाला खड्डा. एका खड्ड्यातून माझंच हरवलेलं खुरपं निघालं. त्याला दांडा नव्हता, पण मी ओळखलं. मी ते मागितलं तर तो माणूस म्हणतो, "आधी बघू द्या काय धातू हाय."

लोकांना वाटतं खड्डा बुजवला की संपलं. माळावर तसं नसतं. वीतभर माती खाली जाते आणि मुरूम वर येतो. त्या जागी दहा वर्षं तरोट्याशिवाय काही उगवत नाही, आणि तरोट्याला जनावर तोंड लावत नाही. मी प्रत्येकाच्या पुढे जाऊन हे सांगितलं. दिवाळीपर्यंत गवत उभं राहिलं नाही तर उन्हाळ्यात गाई काढाव्या लागतील, आणि गाई गेल्या की आम्ही दोघं साठीच्या घरात पुन्हा कोयता घेऊन घाट उतरू, हेही सांगितलं. निम्मं गवत तुमचंच आहे, तुमच्याच गुरांच्या तोंडचं खणताय, हे तर बोंबलून सांगितलं. विष्णू टिकावावर हात टेकवून म्हणाला, "वैनी, हंडा निगाला तर गवताचं काय करायचं? पेंड इकत आनू की."

"आन निगाला न्हाई तर?"

"न्हाई निगाला तर तुमी एवढ्या आरडल्या कावून असत्या?"

गप्प बसलं तर सोनं आहे, ओरडलं तर सोनं आहे.

मी कचेरीत गेले. तिथल्या माणसाने विचारलं, जमीन कोणाची? म्हटलं, थोडी आमची, बाकी गायरान. मग म्हणाला, गायरान सरकारचं, तुम्ही तक्रार करणाऱ्या कोण? म्हटलं, मग सरकारने करावी. तो म्हणाला, सरकारने करण्यासाठी आधी कोणीतरी अर्ज करायला पाहिजे. मी अर्ज लिहून दिला. त्याने तो वाचला, घडी घातली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, पन खरंच सापडलं काय?" मी एसटीत बसून घरापर्यंत रडत आले, पण ते दुःखाने नव्हे. इतका राग आला की माझे डोळे गळतात.

मालक त्या दिवसांत माझ्याशी बोलत नव्हते, म्हणजे मी बोलू देत नव्हते. सगळ्यांना जाऊन त्यांनी हजारदा सांगितलं की एकच मणी होता, दाण्याएवढा होता. लोक मान डोलवायचे आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे. आधी बोलून गेलेला माणूस आता झाकायला बघतोय, एवढाच त्यातून अर्थ निघाला.

खोदणाऱ्यांनी येण्याजाण्यासाठी काटेरी झाप उपटून टाकले होते. एका सकाळी आमची एक कालवड, तांबडीची पणती, मोकळ्या वाटेने कुरणात शिरली. तिला बिचारीला वाटलं असेल, अखेर या बाईला अक्कल आली. दहा पावलांवर खड्डा होता. मागचा पाय मोडला, त्याचा आवाज मी ओढ्याकाठी ऐकला. डॉक्टर आले, पट्टा बांधला, म्हणाले, बसवून ठेवा, बघू. मी तिथेच उभी राहून खड्डे मोजले. एकसष्ट. निम्मं कुरण गेलं होतं, दिवाळीला अजून दीड महिना होता. सगळ्या कुरणात एकच जागा कोणी शिवली नव्हती, हिवराच्या झाडाखालची. जिथे खरंच सोनं होतं, तिथे पापाच्या भीतीने कोणी टिकाव लावत नव्हतं. बाकी गवताचं वाटोळं करायला पाप आड येत नव्हतं.

मी घरात जाऊन कुदळ आणली. मालक दारात आडवे आले.

"कौसे, नगं. गाय उकरनं पाप हाय."

"पाप हाय म्हनून तर कुनी तिकडं जाईना. म्हनून समदं कुरण उकरायलेत. सरका."

ते सरकले नाहीत. मग माझ्या हातातली कुदळ त्यांनी घेतली आणि माझ्यापुढे चालू लागले. हिवराखाली जाऊन मी सगळ्यांना हाका मारल्या. पहिल्यांदाच मी बोलवल्यावर सगळे आले. दगडूअण्णा वयामुळे खणत नव्हते, पण मुलांवर नजर ठेवायला येऊन बसायचे, तेही काठी टेकत आले.

"बगा," मी म्हटलं. "मी काय पुरलंय ते तुमच्यादेखत काडते."

मालकांनी माती ओढली. मला वाटलं होतं मला बघवणार नाही, पण मी बघत राहिले. दहा महिन्यांत हाडं राहिली होती, थोडं कातडं, खणाचा जर. डोकं उगवतीकडे होतं. मी खाली उतरले, तिचा जबडा हातात घेतला आणि आतली माती सुपात घेऊन चाळायला लागले. चाळता चाळता माझ्या ध्यानात आलं की मणी सापडला नाही तर हे लोक म्हणणार, यांनी हलवला. सापडला तर म्हणणार, सोनं होतंच. अशा लोकांपुढे मी माझी गाय उकरली होती. माझे हात थांबले. तेवढ्यात सुपात तो दिसला, पिवळा, दाण्याएवढा.

मी तो तळहातावर ठेवून वर केला. "ह्यो बगा तुमचा हंडा."

चाळीस माणसं माना पुढे काढून बघत होती. कोणाच्या तरी तोंडून तरी आता "चुकलं" असं निघेल, असं मला वाटलं. विष्णू पुढे वाकला, मणी निरखला आणि म्हणाला, "निगालं की सोनं. वैनी, एक हितं निगाला म्हंजी बाकीचे..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. मणी पदराने पुसला, तोंडात टाकला, शेजारच्या तांब्यातलं पाणी तोंडाला लावलं आणि गिळला.

"संपलं," मी म्हटलं. "माळावरचं समदं सोनं आता माज्या पोटात हाय. खनायचं आसंल तर मला खना."

एक यंत्रवाला हातातलं यंत्र माझ्याकडे वळवायला निघाला होता, दुसऱ्याने त्याचा हात धरला. दगडूअण्णा काठीवर भार देत उठले. खड्ड्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुलांना म्हणाले, "बाईला गाय उकरायला लावली बे तुमी. उघडी ठिवू नगा आता." थोरल्याने फावडं घेतलं. मग दुसऱ्याने. तांबडीवर माती पडायला लागली. विष्णूसुद्धा लोटत होता. तांबडी झाकून झाल्यावर ते पांगले आणि ज्याने त्याने आपापले खड्डे बुजवायला घेतले. मी त्यांना सांगितलं नाही की आता बुजवून उपयोग नाही. दमू देत म्हटलं.

लोक विचारतात, या धंद्यात कशाचं वाईट वाटतं. मला याचं वाटतं. लांडग्याने नेलेली वासरं विसरले, बुळगा रोग येऊन गेला तेही विसरले. पण जिला मातीआड करताना शांत झोप म्हटलं होतं, तिचं डोकं मी हातात घेऊन चार लोकांना दाखवलं, आणि तेही ज्यांना बघायची लायकी नव्हती त्यांना. दुसरा मार्ग होता का, हे मी अजून शोधते आहे. सापडला तर बरं वाटणार नाही.

दिवाळीला कापणी झाली. उरलेलं गवत कापून रचलं तर गंजी निम्म्यालाच थांबली. त्यातलंही निम्मं गावाला द्यायचं म्हणजे वीस गाई काढायला लागणार होत्या, आणि कोणत्या वीस या विचाराने आम्हा दोघांना तीन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. वाटणीला गाव वर आलं. दगडूअण्णा गंजीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "औंदा गावाचा वाटा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

मी म्हटलं, "उपकार नगं, अण्णा."

"उपकार न्हाई. दंड म्हन."

दंड म्हणून मी घेतला. त्या वर्षी चाळीसच्या चाळीस गाई राहिल्या. लंगडी कालवडही राहिली, तीन पायांवर चालते आणि चौथ्याने लाथ मारते. गावाने त्या उन्हाळ्यात आपल्या गुरांना कडबा विकत आणून घातला. एकसष्ट ठिकाणी अजून तरोटा उगवतो, तुम्ही आलात तर रस्त्यावरूनही दिसेल.

त्या दिवशी वाटणीला आलेली माणसं रिकाम्या हाताने परत जायला लाजली, म्हणून पेंढ्या बांधू लागली. विष्णू माझ्याजवळ बसला होता. चार पेंढ्या बांधल्या, पाचवीला गाठ मारता मारता अगदी हळू विचारलं, "वैनी, रागावू नगा. त्यो मणी... मागून निगाला का?"

माझ्या हातात विळा होता. मी तो खाली ठेवला.

"न्हाई, भाऊ," मी म्हटलं. "हाय आजून आत. मी मेल्यावर माज्या तोंडात सोनं घालायचं काम न्हाई, तेवढं तुमच्या भावाला सांगून ठिवा."

मालक पलीकडेच पेंढी बांधत होते. त्यांनी ऐकलं. वर न बघता ते गाठ मारत राहिले, आणि ती सुटली की पुन्हा पुन्हा मारत राहिले.